टपाचा प्रश्न

माझ्या घरमालकांच्या मते काचेला घसारा नसतो. लोखंडाला वयाप्रमाणे असतो, आणि रबर, नायलॉन, प्लास्टिक ही मंडळी सरसकट निम्म्या किमतीची. मोटार विम्याचा हा नियमच आहे म्हणे. गाडी ठोकली गेली की भरपाई देताना कंपनी झिजलेल्या भागाचे पैसे कापून घेते, तो घसारा. कंपन्या हा नियम फक्त गाड्यांना लावतात. काका तो सगळ्या जगाला लावत.

त्यांना कवळी बसली त्या दिवशी ते आरशात बघून म्हणाले, "प्लास्टिक. दवाखान्याची पायरी उतरलो तिथेच पन्नास टक्के गेले." सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींबद्दल त्यांचा अहवाल होता, "वरून पत्रा, आतून नायलॉन." मी एकदा नव्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले तेव्हा खिडकीतून ओरडून म्हणाले, "पगार विचारला तर जास्त सांग गं. तू काच आहेस." मला आजवर मिळालेलं हे सर्वांत विचित्र प्रशस्तिपत्रक, आणि बहुधा सर्वांत मोठंही.

आयुष्यभर ते सर्व्हेअर होते. कुठे अपघात झाला की तिथे जायचं, काय वाकलं, काय फुटलं ते बघायचं आणि विमा कंपनीने किती द्यायचे ते ठरवायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिंडोशीच्या कॉलनीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या घराची एक खोली, बाहेरून वेगळं दार काढून, मला भाड्याने दिली होती. मी तेव्हा अंधेरीला एका जाहिरात कंपनीत साबण आणि गृहकर्ज यांच्याविषयी मराठीत गहिवरून लिहायचे. काकांनी माझी एक जाहिरात वाचली आणि विचारलं, "ह्या साबणाने आयुष्य बदलतं?" मी म्हटलं, "नाही." "मग ठीक," ते म्हणाले. "तुला माहीत आहे एवढं पुरे."

माझ्या खिडकीसमोर त्यांची गाडी उभी असे. दोन दारांची, परदेशी बनावटीची, आमरसाच्या रंगाची आणि वरून उघडी. गोरेगावात शूटिंगला गाड्या भाड्याने देणाऱ्या एकाने धंदा गुंडाळला, तेव्हा काकांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली. पडद्यावर तिच्यातून कोणीतरी कोणालातरी पळवून नेलं होतं, असं विकणाऱ्याने सांगितलं. "नेलं असेल," काका म्हणाले. "क्लच बघून पटतं."

सोसायटीचं या गाडीवरचं मत पाहुणे कोण आहेत त्यावर ठरे. एरवी ती 'जागा अडवणारं वाहन' होती, पण कोणी मोठं माणूस यायचं असलं की 'आपल्या सोसायटीची शान'. एका गणपतीत कमिटीला असं सुचलं की पाहुण्या पुढाऱ्याला फेटा बांधून या गाडीत उभं करावं आणि फाटकापासून मंडपापर्यंत आणावं. अंतर तसं पाहिलं तर शिंकायला लागतो तेवढ्या वेळाचं. सेक्रेटरी विनंती घेऊन आले. काका म्हणाले, "उभं राहायचं असेल तर टेम्पो सांगा. माझ्या सीटवर चपला नकोत." पुढारी चालत आले. त्यांना जमलं.

या गाडीचा टप काका कधीच बंद करत नसत. म्हणजे कापडी टप होता, बटणावर उघडमीट होणारा, पण चालवताना तो उघडाच. थंडीत माकडटोपी घालत, उन्हात छत्रीवाल्याकडची गोल टोपी. पावसाळ्यात टप मिटून वर ताडपत्री घातली की गाडी दसऱ्यापर्यंत हलायची नाही. मग ते रिक्षाने फिरत. मी कॅब बोलावली तर तिच्यात बसत नसत. "बंद गाडीत माणूस सामान होतो," म्हणायचे. मला हा शुद्ध नखरा वाटायचा. उघडी गाडी घेतलेल्या माणसाला बघणारे लागतातच, असं माझं मत होतं, आणि माकडटोपी हा त्याच नखऱ्याचा अधिक कसबी प्रकार आहे, असंही.

काकू पालिकेच्या शाळेत पीटी शिकवत. मूळच्या मालवणकडच्या. काकांना 'अहो' म्हणत, पण त्या 'अहो'नंतर जे येई त्यात आदर शोधावा लागे. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना कंपवात असल्याचं कळलं. हात थरथरायचा ते सोडाच, चालता चालता पायच अडकायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहत, आणि पाऊल काही उचलत नसे. जणू खाली कोणी डिंक ओतलाय. "चल गो बाय," त्या स्वतःच्या पायाला म्हणत. पाय ऐकत नसे.

आणि एका सकाळी शेजारच्या मुलीची सायकल भिंतीला टेकलेली होती, ती काकूंनी घेतली आणि बसल्या. आम्ही दोघं धावलो. पोचेपर्यंत त्या कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला वळत होत्या, पाठ ताठ, जशी पंचवीस वर्षांची बाई बाजाराला निघावी. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, होतं असं कधी कधी, चालणं अडतं पण सायकल चालते, त्यांना चालवू द्या, जितकी चालवतील तितकं बरं. काकांनी त्याच आठवड्यात सायकल आणली. दांडा नसलेली, सीट खाली घेता येणारी, मोठ्या चाकांची. छोट्या चाकांची घडीची सायकल त्यांनी आधी तपासली होती, पण काकूंचा हात थरथरला की तिचं हँडल लगेच डगमगायचं.

पण कंपाउंड केवढं, आणि त्यात गाड्या केवढ्या. काकूंची फेरी दर महिन्याला आखूड होत गेली. मग 'ज्येष्ठ सभासदांच्या सुरक्षेच्या दृष्टीने आवारात सायकल चालवू नये' अशी सूचना लागली. ज्येष्ठ सभासदांत सायकल चालवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बोरिवलीचं नॅशनल पार्क हायवेने फार लांब नाही, आणि आतला रस्ता सकाळी शांत, झाडीतला. तिथे भाड्याच्या सायकली मिळतात, पण त्या काकूंना उंच पडत. हायवेवर त्यांना सायकल घेऊन कोण सोडणार? म्हणजे काकूही हव्यात, सायकलही हवी, आणि दोन्ही नेणारी गाडी दारात उभी. फक्त त्या गाडीची मागची सीट सायकल मावेल एवढी नव्हती, आणि सायकल बांधता येईल असं छप्परही नव्हतं.

मी टेम्पो सुचवला. काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच कमिटीवर आहे. "बायकोची सायकल आहे. सिलिंडर आहे का टेम्पोत टाकायला? आणि ती येणार रिक्षाने, सायकल टेम्पोने, मी गाडीने. वरात काढू?"

मग रॅकचा शोध सुरू झाला. लॅपटॉप माझा, चष्मा त्यांचा. उघड्या गाड्यांसाठी खास रॅक परदेशात मिळतो, असं आम्हाला दिसलं. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी, वर आयातीचा कर. तो डिकीच्या पत्र्यावर हवा ओढून चिकटणाऱ्या चकत्यांनी बसत होता.

"चकत्या कसल्या?" काकांनी विचारलं.

"रबराच्या."

"मिट ते."

दुसरा मार्ग गाडीच्या खाली, सांगाड्याला हुक जोडून त्यावर रॅक बसवायचा. अंधेरीचा एक दुकानदार तासाभरात लावून देतो म्हणाला. पण असे हुक जोडलेल्या गाड्यांचे दावे काकांनी स्वतः आयुष्यभर नाकारले होते. त्यामुळे ते आधी आरटीओत परवानगी काढायला गेले. खिडकीवरच्या माणसाने अर्ज दोनदा वाचला. "काका, लोक आधी लावतात, मग आम्ही पकडतो. तुम्ही आधीच आलात. आता मी काय करू?" काका घरी येऊन म्हणाले, माणूस प्रामाणिक होता.

शेवटी साकीनाक्याच्या एका गल्लीत, खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्याकडे, आम्ही पोचलो. त्याने रिक्षातून कॉलनीपर्यंत येऊन भर जुलैत ताडपत्री वर करून मापं घेतली. मागच्या बंपरच्या आधारावर उभा राहणारा आणि डिकीवर झुकणारा लोखंडी पाइपचा सांगाडा, नटबोल्टवर काढता-घालता येईल असा. नंबरप्लेट दिसली पाहिजे, दिवे दिसले पाहिजेत, वेल्डिंगला एकही थेंब सुटलेला नको, या काकांच्या अटी. मजुरीवरून त्यांची तीन वेळा घासाघीस झाली आणि दर वेळी रक्कम वाढली, कारण दर वेळी काकांनी एक नवी अट घातली.

"काका, ह्यात तर तुमच्या बिल्डिंगचा जिना झाला असता," ग्रिलवाला म्हणाला.

"जिना नको. तळमजल्याला राहतो."

रॅक आला. काकांनी त्यावर सायकलच्या दुप्पट वजनाचं वाळूचं पोतं बांधलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला, "आवारात वाहनाला पोतं लटकत आहे. संबंधितांनी खुलासा करावा." काका ग्रुपवर नव्हते, म्हणून त्यांनी मला टाइप करायला सांगितलं, "खुलासा. पोतं आहे."

दसऱ्याला गाडीची पूजा असतेच. त्या वर्षी झेंडूचा एक हार गाडीला, एक सायकलला आणि एक रॅकला. ताडपत्री निघाली होती, काकूंनी नवे बूट घातले होते. सूचना लावणारे सेक्रेटरीच नारळ घेऊन आले आणि ज्येष्ठांनी सक्रिय राहण्याविषयी थोडं बोलले. मोबाइल वर झाले. ग्रिलवालाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी सायकल चढवली, पट्टे आवळले, काकूंना हाताने धरून बसवलं, स्वतः बसले आणि टपाचं बटण दाबलं.

या गाडीचा टप उघडताना आधी डिकीचं झाकण मागच्या बाजूला उलटं उघडतं, कापड घडी होत त्यात जाऊन बसतं, आणि मग झाकण मिटतं. झाकण उठलं, मागे कललं आणि रॅकच्या पाइपवर टक् करून थांबलं. काकांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक्.

ग्रिलवाला पुढे झाला, बघितलं, मान खाजवली. "काका, मापाच्या दिवशी टप बंद होता ना. मला वाटलं, गाडी अशीच असते."

खरं होतं ते. पावसाळ्यात बघितलेली गाडी. नंबरप्लेट, दिवे, बोल्ट, वाळू, सगळ्याचा विचार झाला होता. जन्मभर टप उघडा ठेवणाऱ्या माणसाने टप उघडायचा आहे, एवढं मोजलं नव्हतं.

"हात्तिच्या, टप बंद ठेवूनच चालवा की," सेक्रेटरी म्हणाले. "एसी लावा, मस्त जा."

दोघंचौघं हसले. काका उतरले, सायकल सोडवली, हारासकट भिंतीला लावली आणि घरात गेले. मला वाटलं, दुखावला अभिमान. एवढ्या मोबाइलसमोर कोणाचाही दुखावेल.

संध्याकाळी मी आपट्याची पानं द्यायला गेले. काका आतल्या खोलीत होते. काकू ओट्याशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, टप बंद करून जायला काय हरकत आहे?

"ह्यांना बंद गाडीत बसवत नाय," काकू म्हणाल्या. "आम्ही तळमजल्याक का राहतो, वाटतं तुला? लिफ्टमधे पण जात नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला घाटात एक गाडी ट्रकखाली गेली होती. माणसं आदल्या दिवशी नेली होती. काका आत शिरून किती नुकसान ते बघत होते, तेवढ्यात वरचा वाकलेला पत्रा आणखी बसला आणि दार अडकलं. बरोबरचा माणूस मदत आणायला खाली गावात गेला. दुपारपर्यंत काका आत होते, जिथे ती माणसं होती तिथेच. "घरी आले नि अंगणात झोपले," काकू म्हणाल्या. "लग्नाक तेव्हा वर्ष नव्हतं झालं. दुसऱ्या दिवशी परत कामाला. कोणाला बोलले नाहीत. तू पण बोलू नको."

मी माकडटोपीचा विचार करत उभी राहिले.

"मी सांगितलंय त्यांना, नको मला पार्क," काकू जरा मोठ्याने म्हणाल्या. "पहाटे कंपाउंडात फिरेन, सूचना गेली उडत."

आतून काकांचा आवाज आला. "कंपाउंडात गोल गोल फिरायला तू काय घाण्याचा बैल आहेस?"

"मग काय करणार तुम्ही?"

ग्रिलवाल्याने रॅक मागे सरकवून देतो म्हटलं होतं, पण मग सायकल गाडीच्या इतकी बाहेर जात होती की मागचे दिवे झाकले जात होते, आणि असल्या गाडीला काका स्वतःच रस्त्यावर येऊ देणार नव्हते. म्हणजे उरलं इतकंच. टप किंवा सायकल.

रविवारी उजाडताना माझ्या दारावर थाप पडली. "मागे बसतेस का? सायकल उतरवायला हात लागेल." गाडीचा टप बंद होता. रॅकवर सायकल. काकू आधीच पुढे बसल्या होत्या आणि समोर बघत होत्या, जसं काही विशेष घडतच नाहीये.

दोन्ही काचा खाली होत्या. तरी हायवेला लागेपर्यंत काकांचा शर्ट पाठीला चिकटला. मला मागून त्यांची मान दिसत होती, ती एकदाही वळली नाही. काकू बोलत होत्या. शेजारणीने मोरी माशाचं कालवण केलं पण मसाला कच्चा ठेवला, हे त्या बारकाईने सांगत होत्या, कांद्यापासून. सिग्नल लागला की काका दार उघडून एक पाय बाहेर रस्त्यावर ठेवत. बाजूच्या रिक्षावाल्याने बघितलं. "काका, उतरायचंय की राहायचंय?"

"राहायचंय रे," काका म्हणाले. "बघतोय."

पार्कात पोचल्यावर ते आधी उतरून एका झाडाला हात लावून उभे राहिले. मग सायकल आम्ही दोघांनी उतरवली. गाडीपासून सायकलपर्यंतच्या चार पावलांत काकूंचे पाय दोनदा अडले. सीटवर बसल्यावर मात्र त्या गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही. रस्ता जरा चढाचा होता, त्या उभ्या राहून पेडल मारत वळणाआड दिसेनाशा झाल्या. काका बघत राहिले. मला वाटलं आता टक्केवारी सांगतील. रुमाल काढून त्यांनी मान पुसली, तोंड पुसलं, आणि रुमाल बराच वेळ तोंडावरच ठेवला.

"काका, त्या येईपर्यंत रॅक सोडवून टप उघडू का?" मी विचारलं. "जाताना सायकल मी टेम्पोने आणते."

"नको. पुढच्या रविवारी परत बांधायचीच आहे."

त्यानंतर मी तिथे होते तोवर दर रविवारी ते गेले. त्यांना ते सोपं झालं, असं मी म्हणणार नाही. सिग्नलला पाय बाहेर ठेवणं काही सुटलं नाही. सेक्रेटरींनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, आलात ना शेवटी टप बंद करून." काका म्हणाले, "आलो." त्यापेक्षा जास्त खुलासा त्यांनी केला नाही, आणि माझ्याकडे बघून मलाही करू दिला नाही.

मी पुढे घाटकोपरला राहायला गेले. फोन व्हायचे, मग कमी झाले. काकूंची तब्येत उतरत चालली आहे, एवढं कळत होतं. गेल्या हिवाळ्यात साकीनाक्याच्या सिग्नलला मी रिक्षात होते आणि बाजूला आमरसाचा रंग येऊन थांबला. मागे रॅक नव्हता. टप मात्र बंद होता आणि काचाही वर होत्या. मी वाकून हात हलवला. काकांनी काच खाली केली. म्हातारे झाले होते. काकू बाजूला उशीला टेकून बसल्या होत्या, त्या हसल्या.

"सायकल?" मी विचारलं.

"बंद झाली. पावसाळ्यापासून तोल जातो तिचा. रॅक काढून टाकला."

"मग आता टप कशाला बंद?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. एका हाकेत शाळेच्या मैदानावरची सगळी पोरं रांगेत उभी करणारी ती बाई.

"आवाज बारीक झालाय तिचा," ते म्हणाले. "उघड्या गाडीत मला ऐकू येत नाही."

तेवढ्यात काकूंचे ओठ हलले. काकांनी मला हाताने थांब म्हटलं आणि काच वर केली. सिग्नल हिरवा झाला. माझी रिक्षा निघाली. मी मागे वळून पाहिलं तर ती गाडी तिथेच उभी होती, मागे सगळा साकीनाका हॉर्न वाजवत होता आणि काका काकूंकडे कान करून बसले होते.